आरमधले अ‍ॅट्रिब्यूट: कोण जपतं, कोण गाळतं

आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत २ किलो आणि ५०० ग्रॅम यांची बेरीज ५०२ किलो येऊ शकते. एरर नाही, वॉर्निंगही नाही. आकड्यांना एककाचं अ‍ॅट्रिब्यूट लावलं आणि पुढचं आर सांभाळून घेईल असं गृहीत धरलं की हे होतं. अ‍ॅट्रिब्यूट लावायला एक ओळ पुरते. लावल्यानंतर कोणतं फंक्शन ते जपतं, कोणतं गाळतं आणि कोणतं भलत्याच मूल्यांना चिकटवतं, हे मात्र माहीत असावं लागतं.

आधी एक सूचना. या लेखात फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, आकडेही देवनागरीतच आहेत. संगणकावर मात्र फंक्शनांची नावं आणि अंक रोमन लिपीतच टाइप करायचे. आर देवनागरी अंकांना संख्या म्हणून ओळखत नाही. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा.

मूल्यं आणि त्यांना जोडलेली यादी

आरमधल्या ऑब्जेक्टला दोन अंगं असतात. एक म्हणजे मूल्यं: संख्या, मजकूर, खरं-खोटं. दुसरं म्हणजे त्या मूल्यांना जोडलेली एक यादी, जिच्या प्रत्येक नोंदीला नाव असतं आणि त्या नावाखाली काहीतरी ठेवलेलं असतं. या नोंदी म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं हे आहे: चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही, आणि डाळ दुसऱ्या डब्यात ओतली तर चिठ्ठी तिच्या मागे जात नाही.

रोजच्या कामाला तीन फंक्शनं पुरतात. पहिलं अ‍ॅट्र, म्हणजे ए-टी-टी-आर. एकावेळी एकच अ‍ॅट्रिब्यूट वाचायला किंवा लावायला ते वापरतात (खालचा बाण उजवीकडचं मूल्य डावीकडच्या नावाखाली ठेवतो आणि सी हे फंक्शन मूल्यं एकत्र जोडतं):

वजन <- सी(२, ३.५, १०)
अ‍ॅट्र(वजन, "एकक") <- "किलो"

आता वजन छापलं तर तिन्ही आकडे दिसतात आणि खाली एकक किलो असल्याची नोंद दिसते. अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकायचं असेल तर त्याच ओळीत उजवीकडे नल, म्हणजे 'काहीच नाही', लिहायचं.

दुसरं अ‍ॅट्रिब्यूट्स. हे सगळी यादी एकदम दाखवतं; एकही अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर नल देतं. वाचायला हे उत्तम, पण त्याच्या डाव्या बाजूला काही ठेवताना जपून. अ‍ॅट्रिब्यूट्स(वजन) <- लिस्ट(...) असं लिहिलं की आर आधी जुनी सगळी अ‍ॅट्रिब्यूट पुसतं आणि मग नवी लावतं. एखादं वाढवायच्या नादात बाकीची घालवायचा हा हमखास मार्ग आहे. एका ऑब्जेक्टची अ‍ॅट्रिब्यूट दुसऱ्याला द्यायची असतील आणि लांबी जुळेल की नाही याची खात्री नसेल, तर मोस्टअ‍ॅट्रिब्यूट्स नावाचं फंक्शन आहे. नेम्स (घटकांची नावं), डिम (ओळी-कॉलमांची मापं) आणि डिमनेम्स (ओळी-कॉलमांची नावं) ही तीन ते लागू पडत असतील तरच लावतं, नाहीतर मुकाट्याने सोडून देतं.

तिसरं स्ट्रक्चर. मूल्यं आणि अ‍ॅट्रिब्यूट एकाच कॉलमध्ये देऊन ते तयार ऑब्जेक्ट परत करतं: स्ट्रक्चर(सी(२, ३.५, १०), एकक = "किलो"). फंक्शनच्या शेवटच्या ओळीत निकाल परत करताना हे सोयीचं पडतं. डीपुट हे फंक्शन कुठलाही ऑब्जेक्ट याच रूपात छापून दाखवतं, त्यामुळे आत नेमकं काय लपलंय हे बघायचं असेल तर डीपुटसारखा उपाय नाही.

अ‍ॅट्र डावीकडे ठेवताना कंसात व्हेरिएबलचं नाव हवं. अ‍ॅट्र(मीन(वजन), "एकक") <- "किलो" असं लिहिलं तर "मीन<-" नावाचं फंक्शन सापडत नाही अशी चक्रावून टाकणारी एरर येते. कारण साधं आहे: मीनचा, म्हणजे सरासरीचा, निकाल कुठल्याच नावाखाली ठेवलेला नाही, मग बदललेली वस्तू परत ठेवणार कुठे? आधी निकालाला नाव द्या, मग अ‍ॅट्रिब्यूट लावा.

वाचण्याच्या बाजूला याहून वाईट सापळा आहे. अ‍ॅट्र वाचताना नाव अर्धवट जुळलं तरी चालवून घेतं. नेमकं त्या नावाचं अ‍ॅट्रिब्यूट नसेल आणि त्या अक्षरांनी सुरू होणारं एकच दुसरं असेल, तर ते उचलून देतं. सर्वेक्षणाच्या फायलींमध्ये "लेबल" आणि "लेबल्स" अशी दोन वेगळी अ‍ॅट्रिब्यूट असतात: पहिल्यात प्रश्नाचं वर्णन, दुसऱ्यात उत्तरांच्या कोडांचे अर्थ. एखाद्या कॉलमला वर्णन नसेल आणि तुम्ही "लेबल" मागितलंत, तर हातात कोडांची यादी पडते. म्हणून स्क्रिप्टमध्ये अ‍ॅट्र वाचायला वापरताना एक्झॅक्ट = ट्रू लिहायची सवय लावावी. लावताना ही अडचण नसते, तिथे नाव पूर्ण जुळावंच लागतं.

जी अ‍ॅट्रिब्यूट आरला समजतात

"एकक" हे नाव आरच्या लेखी निरर्थक आहे. तिथे "किलो" असो की "केळं", त्याला फरक पडत नाही. काही मोजकी नावं मात्र आर स्वतः ओळखतं आणि त्यांच्यावरून वागणं बदलतं: नेम्स, डिम, डिमनेम्स, क्लास, लेव्हल्स, रो.नेम्स, कालमालिकेसाठी टीएसपी. ही रचना आरच्या आधीच्या एस भाषेकडून आली. एसची सुरुवात १९७६च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी केली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहिताना तीच उचलली. आरमधले बरेचसे "प्रकार" साध्या व्हेक्टरवर, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेवर, लावलेली अ‍ॅट्रिब्यूटच आहेत, हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

मॅट्रिक्स घ्या. १ ते ६ या आकड्यांच्या व्हेक्टरला डिम हे अ‍ॅट्रिब्यूट सी(२, ३) असं लावलं की त्याचं २ ओळी आणि ३ कॉलमांचं मॅट्रिक्स होतं. मूल्यं जागची हलत नाहीत. आकडे कॉलमानुसार भरले जातात: पहिला कॉलम १ आणि २, दुसरा ३ आणि ४, तिसरा ५ आणि ६. आडवी भरती हवी असेल तर डिम लावून उपयोग नाही, मॅट्रिक्स फंक्शनला बायरो = ट्रू सांगावं लागतं. डिममधल्या आकड्यांचा गुणाकार व्हेक्टरच्या लांबीइतका नसेल तर आर लगेच अडवतं. आणि डिम फंक्शनने मापं लावली की आधी लावलेली नेम्स आणि डिमनेम्स पुसली जातात, म्हणून क्रम आधी डिम, मग डिमनेम्स असाच ठेवावा.

तारीख ही तर निव्वळ एक संख्या. १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले तो आकडा, आणि क्लास या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये "डेट". १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे १९९५०. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो १ मे १९६० हा दिवस त्या शून्याच्या आधीचा, म्हणून आतला आकडा उणे ३५३२. क्लास काढून टाकणारं अनक्लास लावून पाहिलं की हे उघडं दिसतं. क्लास गेला की तारीख गेली, उरला आकडा. पुढे हे परत येणार आहे.

वेळेच्या बाबतीत सेकंद मोजलेले असतात आणि टीझोन नावाचं अ‍ॅट्रिब्यूट ती वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे दाखवायची ते सांगतं. टीझोन "यूटीसी" (जागतिक प्रमाणवेळ) असलेल्या सकाळी ६ वाजताच्या नोंदीला "एशिया/कोलकाता" लावलं की ती ११:३० दाखवते. क्षण तोच, दाखवणं वेगळं. पण यंत्राने भारतीय वेळ नोंदवली होती आणि फाइल वाचताना ती चुकून यूटीसी म्हणून वाचली गेली, अशी तुमची अडचण असेल तर टीझोन बदलून ती सुटत नाही. उलट साडेपाच तासांची चूक तशीच राहते आणि वर बरोबर नाव लागतं. तिथे वेळ मुळातून पुन्हा वाचायला हवी, या वेळी योग्य टाइमझोन सांगून.

नकाशांच्या डेटातही नेमका हाच फरक आहे. एसएफ पॅकेजमध्ये एसटी_सेट_सीआरएस फक्त "हे निर्देशांक अमुक पद्धतीतले आहेत" अशी नोंद करतं. एसटी_ट्रान्सफॉर्म प्रत्यक्ष आकडे बदलतं. अक्षांश-रेखांशाच्या फायलीला मुंबई-पुण्याच्या पट्ट्यासाठीचा ३२६४३ हा कोड नुसता लावला, तर ७२.८ अंश रेखांश हे ७२.८ मीटर समजले जातात आणि मुंबई विषुववृत्ताजवळ समुद्रात जाऊन पडते.

फॅक्टर म्हणजे १, २, ३ असे पूर्णांक, लेव्हल्समध्ये त्या पूर्णांकांची नावं आणि क्लासमध्ये "फॅक्टर". इथे सर्वात महाग पडणारी चूक लेव्हल्स बदलताना होते. समजा कॉलममध्ये "अर्बन" आणि "रूरल" असे रोमन लिपीतले शब्द आहेत. फॅक्टर करताना आर लेव्हल्स वर्णक्रमाने लावतं. रोमन वर्णक्रमात रूरल आधी, अर्बन नंतर. आता कुणी मराठी नावं द्यायला लेव्हल्स(वस्ती) <- सी("शहरी", "ग्रामीण") लिहिलं, तर क्रमांक १ ला, म्हणजे रूरलला, "शहरी" हे नाव लागतं. सगळा डेटा उलटा होतो आणि तक्ते मात्र व्यवस्थित दिसतात. सुरक्षित मार्ग असा की फॅक्टर फंक्शनमध्येच लेव्हल्सला मूळ शब्द आणि लेबल्सला मराठी शब्द, दोन्ही एकाच क्रमाने द्यायचे. आणि बदल केल्यावर जुना कॉलम व नवा कॉलम यांचा टेबल फंक्शनने आडवा-उभा तक्ता काढून बघायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फॅक्टरच्या पोटात पूर्णांक असतात म्हणूनच अ‍ॅज.न्यूमेरिक लावलं की वर्षांऐवजी १, २, ३ येतात. वर्षं फॅक्टर म्हणून वाचली गेली असतील तर आधी अ‍ॅज.कॅरॅक्टर, मग अ‍ॅज.न्यूमेरिक.

डेटा फ्रेम म्हणजे सारख्या लांबीच्या कॉलमांची लिस्ट, वर तीन अ‍ॅट्रिब्यूट: नेम्स, क्लास आणि रो.नेम्स. स्ट्रक्चर वापरून हाताने डेटा फ्रेम बांधताना रो.नेम्स विसरलं तर कॉलम दिसतात पण ओळी ० असल्याचं आर सांगतं. डेटा आत असतो. ओळी किती हे मात्र आर रो.नेम्सवरूनच मोजतं. ३ ओळींसाठी तिथे सी(एनए, -३एल) लिहायचं. हे विचित्र दिसणारं रूप म्हणजे "१ ते ३" असं थोडक्यात साठवण्याची आरची आतली पद्धत. सरळ डेटा.फ्रेम फंक्शन वापरलं तर यातलं काहीच करावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा तेच करावं.

क्लास विचारताना एक बारकावा आहे. साध्या मॅट्रिक्सला क्लास(...) विचारलं तर उत्तर येतं, पण अ‍ॅट्रिब्यूट्सच्या यादीत क्लास नसतो, ते उत्तर आर डिमवरून तिथल्या तिथे तयार करतं. २०२०च्या ४.०.० आवृत्तीपासून ते उत्तर "मॅट्रिक्स" आणि "अ‍ॅरे" असं दोन शब्दांचं झालं, आणि इफमध्ये क्लास(क्ष) == "मॅट्रिक्स" अशी तुलना करणारा कितीतरी जुना कोड अडखळायला लागला. क्लास तपासायला इनहेरिट्स वापरावं, बरोबरीचं चिन्ह नको.

बेरजेत काय होतं

आता त्या ५०२ किलोंकडे. दोन व्हेक्टर सारख्या लांबीचे असतील तर बेरीज-वजाबाकीत आर दोघांचीही अ‍ॅट्रिब्यूट निकालाला देतं; एकच नाव दोघांकडे असेल तर पहिल्याचं टिकतं. लांबी वेगळी असेल तर लांब व्हेक्टरची घेतली जातात. म्हणून "किलो" लावलेला २ आणि "ग्रॅम" लावलेला ५०० यांची बेरीज ५०२, आणि पहिला किलोचा होता म्हणून निकालावर "किलो". क्रम उलटा केला तर ५०२ ग्रॅम. नियम तंतोतंत पाळला गेला आहे, फक्त तो एककांसाठी बनवलेला नाही.

लॉग, वर्गमूळ, राउंड यांसारखी फंक्शनंही अ‍ॅट्रिब्यूट पुढे नेतात. त्यामुळे किलोचा लॉग घेतल्यावर त्या निकालावरही "किलो" लिहिलेलं राहतं. याउलट मीन आणि सम ती टाकून देतात. म्हणजे जिथे एकक तेच राहतं तिथे ते जातं, आणि जिथे बदलतं तिथे टिकतं. याला तर्क नाही असं वाटेल, पण आहे: निकालाची लांबी मूळइतकीच असेल तर चिकटलेलं बहुधा लागू पडेल, एवढाच अंदाज आर बांधतं.

कुठे कुठे गळती होते

चौकटी कंसाने निवड हे गळतीचं पहिलं ठिकाण. वजन[१:२] लिहिलं की "एकक" गेलं. निवडीत फक्त नेम्स, डिम आणि डिमनेम्स टिकतात. फॅक्टर आणि तारीख टिकतात त्या त्यांच्यासाठी निवडीचं वेगळं फंक्शन आरमध्ये लिहिलेलं आहे म्हणून. रिकामा कंस, वजन[], सगळं जपतो. मूल्यं बदलून अ‍ॅट्रिब्यूट तशीच ठेवायची असतील तर वजन[] <- नवी मूल्यं ही युक्ती त्यामुळेच चालते. डेटा फ्रेममधून ओळी गाळताना प्रत्येक कॉलमवर हीच निवड चालते, म्हणून तुम्ही कॉलमला लावलेली वर्णनं पहिल्याच गाळणीत नाहीशी होतात. सॉर्ट आणि रेव्ह यांचंही तेच. सी फंक्शन नेम्स सोडून बाकी सगळं टाकतं; तारीख आणि फॅक्टरसाठी वेगळी सोय आहे, पण फॅक्टरची सोय ४.१.० आवृत्तीपासूनची आहे. त्याआधीच्या आरमध्ये दोन फॅक्टर सीने जोडले की नुसते पूर्णांक हाती यायचे. कालमालिकेतून पहिले ६ महिने कंसाने निवडले तर टीएसपी जातं आणि साधा व्हेक्टर उरतो. तिथे विंडो फंक्शन वापरायचं.

इफएल्सचा दोष प्रसिद्ध आहे. इफएल्स(अट, तारीख१, तारीख२) तारखा देत नाही, १९९५० सारखे आकडे देतं. कारण निकालाचा साचा ते अटीवरून घेतं, आणि अट म्हणजे खरं-खोट्याचा साधा व्हेक्टर, त्याला "डेट" क्लास नाही. उपाय दोन. आधी निकाल <- तारीख२ करून मग निकाल[अट] <- तारीख१[अट] लिहा, किंवा डीप्लायर पॅकेजचं इफ_एल्स वापरा. ते प्रकार जपतं. पहिल्या उपायात अटीत एनए (नसलेली मूल्यं) असतील तर आधी ते हाताळा, नाहीतर आर ती ओळ चालवायला नकार देतं.

फॉर लूपही तसाच. फॉर(दिवस इन तारखा) लिहिलं की दिवसमध्ये आकडा येतो, तारीख नाही. सीक_अलाँगने १ पासून क्रमांक घेऊन आत तारखा[[क्रमांक]] असं काढावं.

काही वेळा अ‍ॅट्रिब्यूट हाच फंक्शनचा अर्धा निकाल असतो, आणि तो गळला तर काम अडतं. स्केल फंक्शन प्रत्येक कॉलममधून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतं आणि वापरलेले आकडे "स्केल्ड:सेंटर" व "स्केल्ड:स्केल" या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवतं. नव्या डेटावर मॉडेल चालवताना तेच आकडे लागतात. नव्या डेटाची स्वतःची सरासरी घेतली तर भाकीत बिघडतं. स्केलच्या निकालातून ओळी निवडल्या की ते दोन्ही गेले, म्हणून स्केल केल्याबरोबर ते वेगळ्या नावांखाली काढून ठेवावेत. एनए.ओमिट कुठल्या ओळी टाकल्या ते "एनए.अ‍ॅक्शन" मध्ये लिहून ठेवतं, त्याची लांबी मोजली की किती नोंदी गळाल्या ते कळतं, अहवालात तो आकडा द्यावाच लागतो. रेगएक्सपीआर जुळणीची जागा मूल्यात देतं आणि जुळलेल्या तुकड्याची लांबी "मॅच.लेंग्थ" मध्ये.

एकक खरंच सांभाळायचं असेल तर

नुसतं अ‍ॅट्रिब्यूट पुरत नाही, सोबत क्लास हवा आणि त्या क्लासची फंक्शनं हवीत. एस३, म्हणजे क्लासवरून योग्य फंक्शन निवडायच्या आरच्या पद्धतीने, हे असं होतं.

आधी बनवणारं फंक्शन: दिलेलं मूल्य संख्या आहे का, एकक "किलो" किंवा "ग्रॅम" पैकीच आहे का हे तपासायचं, नसेल तर स्टॉपने एरर द्यायची, असेल तर स्ट्रक्चरने एकक आणि क्लास दोन्ही लावून परत करायचं. क्लासचं नाव समजा "वजन". तपासणी इथेच करावी, कारण अ‍ॅट्रने नंतर कुणी "किलोग्राम" असं वेगळं स्पेलिंग घुसवलं तर आर अडवणार नाही.

मग चौकटी कंसाची पद्धत. आत नेक्स्टमेथड बोलावून साधी निवड करून घ्यायची आणि निकालाला मूळचं एकक व क्लास पुन्हा लावायचे. ही नसेल तर पहिल्या निवडीत क्लास गळतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग ऑप्स. बेरीज, वजाबाकी, तुलना ही सगळी चिन्हं या एका गटात येतात, कुठलं चिन्ह आलं ते .जेनेरिकमध्ये कळतं. दोन्ही बाजू "वजन" असतील आणि एककं वेगळी असतील तर ग्रॅमला १००० ने भागून किलो करायचे. त्यानंतर दोन्ही बाजूंना अनक्लास करून गणित करायचं, आणि बेरीज-वजाबाकीत एकक परत लावायचं. तुलनेचा निकाल खरं-खोटं असतो, त्याला एकक लावायचं नाही. वजनाला वजनाने गुणायला आलेल्याला स्टॉप म्हणावं. वजनाला साध्या संख्येने गुणू द्यावं. इथे दोन चुका ठरलेल्या. अनक्लास न करता आत पुन्हा बेरीज लिहिली तर तीच पद्धत स्वतःला बोलावत राहते आणि फंक्शन फार खोल गेल्याची एरर येते. दुसरी म्हणजे आत आकडे बदलून मग नेक्स्टमेथड बोलावणं: ते बदललेले नाही, मूळचेच आकडे घेतं, आणि ५०२ पुन्हा हजर होतात.

शेवटी प्रिंट, सी, मीन आणि सम-मिन-मॅक्ससाठी समरी गट. एवढं सगळं लिहिणं शिकायला चांगलं. रोजच्या कामासाठी युनिट्स नावाचं पॅकेज आहे, त्यात २ किलोग्राम अधिक ५०० ग्रॅम बरोबर २.५ किलोग्राम येतं. लांबीत वजन मिळवायला गेलं तर ते नकार देतं. हाताने लावलेल्या "एकक" अ‍ॅट्रिब्यूटपेक्षा मी तरी तेच वापरायला सांगेन. किंवा सर्वात साधं: कॉलमच्या नावातच "वजन_किलो" लिहा. दिसायला गावठी आहे, पण ते कुठल्याच फंक्शनने गळत नाही.

सर्वेक्षणाच्या फायली

मराठी वाचकांपैकी अनेकांची अ‍ॅट्रिब्यूटशी पहिली गाठ इथेच पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ची. त्याचं काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होतं, आणि मूळ नोंदी स्टाटा व एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या फायलींमध्ये मिळतात. हेवन पॅकेजने त्या वाचल्या की व्ही०२५ सारख्या कॉलममध्ये १ आणि २ दिसतात, "लेबल्स" अ‍ॅट्रिब्यूटमध्ये १ म्हणजे शहरी, २ म्हणजे ग्रामीण असं लिहिलेलं असतं, आणि क्लास "हेवन_लेबल्ड".

हे फॅक्टर नव्हेत. मीन लावलं तर आर १.७ सारखं काहीतरी देतं, ज्याला काही अर्थ नाही. मॉडेलमध्ये टाकलं तर संख्या समजून टाकतं. म्हणून वाचून झाल्यावर, मॉडेल करण्याआधी, गटांच्या कॉलमांना अ‍ॅज_फॅक्टर आणि खऱ्या संख्यांना झॅप_लेबल्स लावावं. अ‍ॅज_फॅक्टरमध्ये मधली रेघ खाली आहे, टिंब नाही. टिंबवालं फंक्शन बेस आरचं, त्याला लेबल्स कळत नाहीत आणि लेव्हल्स "१" आणि "२" अशाच राहतात. आणखी एक: असा डेटा आरडीएसमध्ये (आरच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) ठेवून नव्या सत्रात हेवन लोड न करता उघडला तर क्लासचं नाव असतं पण त्याची फंक्शनं नसतात, आणि साध्या निवडीतही लेबल्स गळू शकतात. आधी लायब्ररी(हेवन), मग काम.

कॉपी, तुलना, साठवण

फंक्शनच्या आत अ‍ॅट्रिब्यूट लावलं तर बाहेरचा ऑब्जेक्ट बदलत नाही. आर आत वेगळी प्रत करतं. निकाल परत करून तो नावाखाली ठेवावाच लागतो. अपवाद दोन. डेटा.टेबल पॅकेजचं सेटअ‍ॅट्र प्रत न करता जागेवरच बदल करतं. मोठ्या डेटासाठी ते हवंच, पण ब <- अ लिहून ठेवलेला ब सुद्धा त्याने बदलतो. दुसरा अपवाद एन्व्हायर्नमेंट, म्हणजे नावं आणि त्यांची मूल्यं ठेवायची जागा: त्याची प्रत होतच नाही, म्हणून त्याला थेट अ‍ॅट्रिब्यूट लावू नये, लावायचंच असेल तर एन्व्हायर्नमेंट लिस्टमध्ये ठेवून लिस्टला लावावं.

दोन ऑब्जेक्ट छापल्यावर हुबेहूब दिसतात आणि आयडेंटिकल मात्र फॉल्स म्हणतं, असं झालं की आधी दोघांवर अ‍ॅट्रिब्यूट्स चालवा. एकाला नेम्स आहेत, दुसऱ्याला नाहीत, किंवा एकाच्या पोटात "एनए.अ‍ॅक्शन" राहून गेलंय, असंच बहुधा निघतं. अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम वेगळा असला तर बिघडत नाही, आयडेंटिकल तो मोजत नाही. फक्त मूल्यं ताडायची असतील तर ऑल.इक्वलला चेक.अ‍ॅट्रिब्यूट्स = फॉल्स सांगा. पण फॅक्टर आणि तारखांच्या बाबतीत ही सूट घेऊ नका: त्यांचा अर्थ अ‍ॅट्रिब्यूटमध्येच असतो.

सीएसव्हीमध्ये यातलं काहीच जात नाही. एकक, लेबल्स, लेव्हल्सचा क्रम, टीझोन, सगळं फायलीबाहेर राहतं. सेव्हआरडीएसने साठवलं तर सगळं टिकतं, मात्र ती फाइल आरनेच उघडायची. कार्यालयात एक्सेलवाल्यांना डेटा द्यायचा असेल तर सीएसव्ही द्या आणि सोबत दुसरी सीएसव्ही द्या, जिच्यात प्रत्येक कॉलमसाठी एक ओळ: नाव, वर्णन, एकक, कोडांचे अर्थ. वर्णनं "लेबल" अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतील तर सगळ्या कॉलमांवर एसअ‍ॅप्लायने अ‍ॅट्र चालवून ती यादी निघते. ज्या कॉलमला वर्णन नाही तिथे नल येतं, आणि एक जरी नल आला तरी एसअ‍ॅप्लाय साध्या व्हेक्टरऐवजी लिस्ट देतं. म्हणून नलच्या जागी रिकामा मजकूर घाला. एक्झॅक्ट = ट्रू इथेही लिहायचंच.